पांढरीवरची घरे

अजिंठा-बुलढाणा रस्त्याने जालना जिल्ह्यातल्या धावडा गावाकडे येताना दोन्ही अंगांना काळी जमीन पसरलेली दिसते. कापूस, मका, सोयाबीन, मिरची. जुने गावठाण मात्र या जमिनीवर वसत नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या गावांची वस्ती किंचित उंचावर, फिकट, राखाडी मातीवर असते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या भागातले जुने घर समजून घ्यायचे तर सुरुवात दारापासून न करता पायाखालच्या मातीपासून करावी लागते, कारण त्या घराचे निम्मे रहस्य तिथेच आहे.

काळ्या मातीतला चिकणा अंश पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा जमिनीवर थेट उभी केलेली भिंत दर पावसाळ्यात उचलली जाते, दर उन्हाळ्यात खाली बसते आणि काही वर्षांतच चिरफाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोदायचा आणि भिंतीला व छताला माती वापरायची ती पांढरीची, हा इथल्या गवंड्यांचा पिढीजात नियम. पांढरी माती म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीने तयार झालेला थर. चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल, चुन्याचे कण असे सगळे त्यात मुरलेले असते. ती फारशी फुगत नाही, भेगाळत नाही आणि चोपली की घट्ट बसते. एक घर पडले की त्याची माती दुसऱ्या घराच्या भिंतीत जाते. गाव असे स्वतःच्याच मातीतून पुन्हा पुन्हा उभे राहत आले आहे.

हे सगळे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, म्हणूनच आपल्याला ते सांगण्याजोगे वाटत नाही. अमेरिकेत मात्र सामान्य माणसाच्या जुन्या घराबद्दल फार बारकाईने बोलले जाते. व्हर्जिनिया आणि ली मॅकअलेस्टर यांचे ‘अ फील्ड गाइड टू अमेरिकन हाउसेस’ हे पुस्तक 1984 साली आले. पक्षी ओळखायला जशी पुस्तिका हातात धरून फिरतात, तसे हे पुस्तक घेऊन लोक गल्लीतली घरे ओळखू लागले. त्यात राजवाडे थोडे आणि साधी घरे पुष्कळ आहेत. न्यू इंग्लंडमधले सॉल्टबॉक्स घर घ्या. मागच्या बाजूला एक पडवी वाढवली आणि छपराचा उतार तिच्यावरून तसाच खाली ओढला, म्हणून पुढून दुमजली आणि मागून एकमजली दिसणारे घर. दक्षिणेतले डॉगट्रॉट म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्या मधोमध वारा खेळता राहावा म्हणून आरपार उघडा ठेवलेला बोळ. न्यू ऑर्लीन्सचे शॉटगन घर एका खोलीच्या रुंदीचे, खोल्या एकामागे एक, अधेमधे बोळ नाही. त्याची मुळे हैतीमार्गे आफ्रिकेपर्यंत जातात, असे काही अभ्यासकांचे मत आहे. यातले एकही घर श्रीमंताचे नाही. तरी प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकाचे कारण लोकांना ठाऊक आहे.

आपल्याकडे शनिवारवाड्याला इतिहास आहे, विश्रामबागवाड्याला आहे, सिंदखेड राजाच्या लखुजी जाधवांच्या वाड्याला आहे. भोकरदन तालुक्यातल्या चार खणांच्या मातीच्या घराला मात्र ‘जुने घर’ याखेरीज काही म्हटले जात नाही. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण कारागिरीचे आणि शहाणपणाचे जे बारकावे त्या घरात आहेत ते कोणत्याही सॉल्टबॉक्सपेक्षा कमी नाहीत. ते पाहावेत कसे, एवढेच इथे सांगायचे आहे.

पहिले पाहावे ते माळवद. धावड्याची शीव बुलढाण्याला लागून, खानदेशही फार लांब नाही. त्यामुळे याच छताला कुणी धाबे म्हणेल, कुणी माळवद. लांबून ते नुसते सपाट मातीचे छत वाटते, पण त्याची रचना थरांची आहे. भिंतींवर आणि खांबांवर जाड तुळया टाकतात. त्यांच्यावर आडव्या कड्या, वीतभर ते हातभर अंतराने. कड्यांवर लाकडाच्या चिरफळ्या किंवा फळ्या बसवतात. ऐपतदाराच्या घरी इथे सागवानी कडीपाट असतो, गरिबाच्या घरी तुराट्या आणि पळाट्यांवर भागते. त्यावर कडूनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला, वाळवी आणि किडे दूर राहावेत म्हणून. पाल्यावर भुसा घालून तुडवलेला चिखल, आणि सर्वांत वर पांढरी किंवा खारी माती, चोपून चोपून बसवलेली. सगळ्याला अगदी हलका उतार, आणि उताराच्या टोकाला पाणी भिंतीपासून दूर फेकणारी परनाळ. मधे कुठेतरी सवणे, म्हणजे छतातले भोक. त्यातून स्वयंपाकघरात उजेड येतो आणि धूर बाहेर जातो. पाऊस आला की ते झाकायला घरातले पोर वर पळते.

कोकणात असे छत एक पावसाळाही टिकणार नाही. जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही अधूनमधून उघडीप देत. मातीचा वरचा थर भिजतो, घट्ट होतो, पाणी आत जाण्याआधी परनाळेने निघून जाते, आणि उघडीप मिळाली की थर पुन्हा वाळतो. उन्हाळ्याचे गणित वेगळे. वैशाखात बाहेर 42-43 अंश असताना माळवदाखाली बसलेल्या माणसाला गारवा लागतो, कारण दुपारची उष्णता एवढ्या जाड मातीतून खाली उतरायला कित्येक तास लागतात. ती आत पोचते तेव्हा रात्र झालेली असते. तोवर घरातली माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असतात. दिवसा खाली आणि रात्री वर, अशी ही वहिवाट छताच्या जाडीतून आली आहे. शिवाय हेच माळवद कुरडया-पापडांचे वाळवण, डाळी आणि मिरच्या सुकवण्याची जागा. एकाला एक लागून असलेल्या घरांत तर बायका गल्लीत न उतरता माळवदांवरूनच शेजारी जात.

मृग लागण्याआधी माळवदाची डागडुजी करावीच लागते. गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या, नव्या पांढरीचा थर द्यायचा, चोपायचा. चुकले तर पहिल्या मोठ्या पावसात घर गळते. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे, पाच-सहा घरांनी एकमेकांच्या माळवदावर आळीपाळीने राबायचे.

अमेरिकेत याला अगदी जवळचे घर आहे, पण ते युरोपातून आलेल्या गोऱ्यांचे नव्हे. न्यू मेक्सिको राज्यातले ताओस प्वेब्लो हे मूळ रहिवाशांचे गाव किमान सहाशे-सातशे वर्षे वसलेले आहे. 1992 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या. छतावर आधी जाड ओंडके, त्यांना तिकडे ‘विगा’ म्हणतात. त्यांच्यावर बारीक काठ्या, म्हणजे ‘लातिया’. मग गवत, मग मातीचा जाड थर. वरून दिलेला मातीचा गिलावा वेळोवेळी नव्याने करतात. पूर्वी खालच्या मजल्याला दारच नसे. शिडीने छतावर चढायचे, छतातल्या भोकातून आत उतरायचे आणि हल्ला झाला तर शिडी वर ओढून घ्यायची. ताओसला पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. पण भरपूर ऊन, थोडा पाऊस, चांगली माती आणि मोजके लाकूड एवढे जुळले की दोन गोलार्धांत, एकमेकांची वार्ताही नसलेल्या माणसांनी कड्या, काटक्या, पाला आणि माती याच क्रमाने छत रचले. ताओसचे हे छत पाहायला जगभरातून लोक जातात. आपल्या माळवदाचे थर सांगू शकणारी माणसे मात्र आता सत्तरी ओलांडलेली आहेत.

दुसरी पाहण्याची गोष्ट खण. इथे घर चौरस फुटांत मोजत नसत. तीन खणांचे, पाच खणांचे, सात खणांचे घर, असेच बोलले जाई. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि तिची रुंदी ठरते ती मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवरून. कडी जेवढी लांब मिळेल तेवढाच खण रुंद. अजिंठ्याच्या डोंगररांगेत साग मिळे, पण उत्तम लांब सरळ साग महाग, म्हणून घरे खोल होण्याऐवजी खणाखणाने लांबत जात. खण मोजले की घरमालकाची ऐपतही कळे.

खांबाकडे वरून खाली पाहावे. तुळई, तिच्याखाली खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त, मग खांब, आणि त्याच्याखाली दगडी तळखडा. हस्तामुळे तुळईचे वजन एका बिंदूवर न पडता दोन्ही बाजूंना वाटले जाते. तळखड्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून वाचते. जोड कुसू आणि खाचेचे, खिळ्यांचा वापर नावापुरता. हस्तावर कमळ किंवा केळफूल कोरलेले दिसले तर ते सुताराचे कौतुक समजावे. पण एकही नक्षी नसलेला, तासून गुळगुळीत केलेला साधा खांब मला अधिक देखणा वाटतो, कारण त्याच्यात प्रत्येक भागाचे काम उघडे दिसते.

अमेरिकेतही आरंभी असेच जाड लाकडाचे, कुसू-खाचेचे सांगाडे होते. 1830 च्या दशकात शिकागोत दुसरी पद्धत रुजली. गिरणीत कापलेल्या बारीक पट्ट्या, यंत्राने केलेले स्वस्त खिळे, आणि कसलेल्या सुताराशिवाय चार माणसांनी काही आठवड्यांत उभे केलेले घर. जंगल अफाट आणि मजूर थोडे, म्हणून हे तिकडे फोफावले. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी, लाकूड थोडे आणि हात पुष्कळ. म्हणून एकेक लाकूड पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. जुना वाडा उतरवून त्याच्याच तुळया नव्या घराला लावायच्या, ही इथली नेहमीची रीत होती. त्यामुळे तुळईला रिकामी खाच दिसली की समजावे, हे लाकूड याआधी दुसऱ्या घरात होते.

लाकडी सांगाड्याची ही परंपरा किती जुनी आहे याचा पुरावा धावड्यापासून फार दूर नाही. अजिंठ्याच्या 9 आणि 10 क्रमांकाच्या जुन्या चैत्यगृहांत दगडी कमानदार छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. पुढच्या काळातल्या 19 आणि 26 क्रमांकाच्या लेण्यांत त्याच फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. डोंगर पोखरून केलेल्या लेण्याला छत पेलायला फासळ्यांची गरज नव्हती. पण कारागिरांच्या डोळ्यांसमोर घर म्हणजे लाकडी सांगाडा हेच चित्र होते.

आता घराच्या बाहेर येऊन भिंत पाहावी. रस्त्याकडे बहुधा खिडकी नसते. असलीच तर डोक्याच्याही वर, हात जेमतेम जाईल एवढी. भिंत दोन ते चार फूट जाड, दर्शनी बाजूला काळा दगड, मधे माती आणि गोट्यांची भर. या जाडीतच कोनाडे, दिवळ्या, फडताळे आणि धान्य साठवायचे बळद लपलेले. एक मोठा दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी. आत ढाळज, जिथे येणारा-जाणारा बसतो. त्यापुढे चौक, आणि सगळ्या खोल्यांची तोंडे चौकाकडे.

हे घर बाहेरून डोळे मिटून का बसले आहे? उन्हापासून बचाव हे एक कारण, पण भीती हे त्याहून मोठे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या टोळ्या या मुलखातून फिरत, फौजा तर नेहमीच्याच. याच जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या सैन्याची इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्याशी लढाई झाली. तिच्यात घरांनी दोनदा निर्णायक काम केले. वाटाड्यांनी सांगितले होते की केळणा नदीला उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली आणि त्याने ताडले की अशी जोडगावे उताराशिवाय वसत नाहीत. उतार सापडला आणि त्याची फौज पार झाली. दुसरीकडे, मराठी पायदळ आणि तोफा असई गावाच्या मातीच्या भिंतींच्या आडोशाला होत्या, आणि त्या गावाच्या अंगावर गेलेल्या हायलँडर पलटणीची भयंकर कत्तल झाली. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या या सेनापतीच्या आयुष्यातली ही सर्वांत रक्तरंजित लढायांपैकी एक. मराठवाड्यातल्या साध्या गावाच्या भिंती तिच्या साक्षीदार आहेत, हे आपल्या शाळांत सांगितले जावे असे मला फार वाटते.

ही भीती मोठ्या प्रमाणावर पाहायची तर गढी पाहावी. देशमुख-पाटलांची गढी बहुधा गावातल्या सर्वांत उंच जागी, कोपऱ्यांना बुरूज, खाली दगड आणि वर पांढरीच्या मातीची किंवा विटांची भिंत, आत एकाहून अधिक चौक, विहीर आणि धान्याची पेवे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, 1949 मध्ये जहागिऱ्या संपल्या आणि पुढे वतनेही गेली. गढीला पोसणारे उत्पन्न आटले. गढ्यांची पडझड याच काळात वाढली. अनेक गावांत गढीची आणि जुन्या वस्तीची पांढरी माती गाड्या भरभरून शेतात गेली, कारण ती उत्तम खत असते.

जुन्या घराचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. या घराचा नकाशा माणसामाणसांतल्या उतरंडीचाही नकाशा आहे. ढाळजेपर्यंत कोण, ओसरीवर कोण, माजघरात कोण, आणि अंगणाच्याही बाहेर कुणी उभे राहायचे, हे प्रत्येक उंबरठ्याने ठरवलेले होते. घरच्या सुनेचा दिवस सवण्यातून पडणाऱ्या कवडशाखाली धुरात जाई. ज्यांनी दगड वाहिले, माती तुडवली, त्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरे गावकुसाबाहेर, कुडाची आणि गवताची होती. ती टिकली नाहीत, त्यामुळे वाड्यांच्या यादीत ती कधी आलीच नाहीत. अमेरिकेलाही हा प्रश्न सुटलेला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन 1858 मध्ये स्त्रियांच्या एका संस्थेने विकत घेऊन वाचवले, आणि तिथल्या वारसा-चळवळीची ती सुरुवात मानली जाते. अशा हवेल्या बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या गुलामांच्या खोपटांकडे मात्र कित्येक दशके कुणी वळून पाहिले नाही. 2010 पासून जोसेफ मॅकगिल हे गृहस्थ अशा उरलेल्या खोपटांत रात्री मुक्काम करून लोकांचे लक्ष तिकडे वेधत आहेत. घरे जपायची तर कुणाची, हा प्रश्न धावड्यातही तसाच विचारायला हवा.

घराचे वय ओळखणे हा या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग. दारावर साल कोरलेले असेल तर प्रश्नच मिटला, पण तसे क्वचित असते. मग साहित्याकडे पाहावे. खालून रुंद आणि वर निमुळता होत जाणारा सुरूदार खांब, महिरपीची कमान हे मोगल आणि पुढे निजामी अंमलातून उतरलेले वळण. औरंगाबाद, जालना, अजिंठा या ठाण्यांच्या गावांतून ते आजूबाजूच्या वाड्यांत झिरपले. पातळ, चपट्या विटा आणि चुना दिसला तर बांधकाम सहसा जुने. घरात लोखंडी गर्डर, बिडाचा कठडा, पन्हाळी पत्रा किंवा मंगलोरी कौल असेल तर तेवढा भाग तरी बहुधा आगगाडीनंतरचा. मंगलोरी कौले बासेल मिशनच्या कारखान्यात 1865 पासून बनू लागली, आणि मनमाडहून औरंगाबाद, जालन्याकडे येणारी रेल्वे 1900 च्या सुमारास धावू लागली. जिथे रेल्वे जाते तिथून बैलगाडीने चार मुक्काम आत असलेल्या गावात हे साहित्य अजून उशिरा पोचते. एकाच घरात खालचा मजला पांढरीचा, वरची माडी विटांची आणि तिच्यावर कौले असतील तर तीन पिढ्यांचा हिशेब समोर उभा राहतो.

अमेरिकेच्या घरांच्या इतिहासातही हीच रेल्वे निर्णायक ठरते. रेल्वेआधी जो तो आपल्या भागात मिळेल त्याने घर बांधी, ओंडक्यांनी, दगडांनी किंवा गवताळ मातीच्या ढेकळांनी. रेल्वेने गिरणीतले लाकूड कोपऱ्याकोपऱ्यात नेले आणि दूरदूरची घरे एकसारखी दिसू लागली. 1908 ते 1940 या काळात सिअर्स कंपनीने तर अख्खी घरेच टपालाच्या कॅटलॉगमधून विकली. कापलेले लाकूड, खिळे, रंग, दारे-खिडक्या असे सगळे आगगाडीने यायचे आणि मालकाने जुळवायचे. अशी 70,000 च्या आसपास घरे विकली गेली. त्यांतली पुष्कळशी ठेंगणी, पुढे रुंद ओसरी असलेली बंगला पद्धतीची होती. बंगालच्या खेड्यातल्या घराचा हा आकार इंग्रजांनी उचलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो कॅलिफोर्नियात मध्यमवर्गाचे लाडके घर झाला. आज मराठवाड्यातून अमेरिकेत गेलेली एखादी मुलगी अशा जुन्या बंगल्यात भाड्याने राहत असेल, तर ती ज्या ओसरीत बसते तिची मुळे हिंदुस्थानातच आहेत.

माळवदाचे गुण सांगितले, तसा त्याचा धोकाही स्पष्ट सांगितला पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास 8,000 माणसे गेली, बहुतेक आपल्याच घरांच्या भिंती आणि माळवदांखाली. कारण सरळ आहे. दरवर्षी नवा थर घालत, जुना न काढता, माळवदे दीड-दोन फूट जाड झाली होती. दीड फूट मातीचे वजन एका चौरस मीटरवर 700 ते 800 किलो भरते. आजच्या पाच इंची स्लॅबचे वजन त्याच्या निम्म्याहून कमी. खाली गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती. त्यांचे आतले आणि बाहेरचे दर्शन एकमेकांना बांधलेले नव्हते. धक्का बसताच दोन्ही अंगे फाकली आणि भिंती ढासळल्या.

त्याच गावांत काही घरांच्या भिंती पडल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. खण नीट जुळवलेला होता, छताचा भार भिंतीऐवजी खांबांवर होता, तिथे हे घडले. त्यातून भूकंपानंतरच्या दुरुस्तीचे मार्ग ठरले. छतावरची जादा माती काढून ती वीतभर ठेवायची, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार ठोकायचे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालायचे. उपाय खर्चिक नाहीत आणि गावच्या सुताराला, गवंड्याला जमण्याजोगे आहेत. किल्लारीनंतर लोकांच्या मनात मात्र मातीचे घर म्हणजे मरण असे बसले. ज्यांनी माणसे गमावली त्यांना त्याबद्दल बोल लावण्याचा कुणालाही अधिकार नाही. पण चांगला सांगाडा आणि बेताचे माळवद असलेली घरेही त्याच भीतीपोटी उतरवली गेली, याची खंत वाटते.

भीतीखेरीज इतर कारणेही आहेतच. वाटण्या झाल्या की चौकात भिंत येते, आणि चौक गेला की घराचा उजेड आणि वारा जातो. आळीपाळीने माळवदावर राबणारे शेजारी आता मजुरी मागतात, आणि ते योग्यही आहे. सरकारी हिशेबात मातीची भिंत आणि मातीचे छत म्हणजे कच्चे घर. घरकुलाचे अनुदान मिळते ते पक्क्या घराला. शिवाय जुन्या सागाला शहरात मोठा भाव आहे. नक्षीदार चौकट, खांब, दरवाजे विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात, आणि ते लाकूड पुढे शहरातल्या हॉटेलांत, फार्महाउसांत शोभेला लागते. ज्याला मुलीचे लग्न करायचे आहे किंवा कर्ज फेडायचे आहे, त्याला तुळया विकू नका असे सांगणाऱ्याने त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला हवे. ती तयारी नसेल तर निदान दुसरे एक काम करता येते.

ते काम अमेरिकेने महामंदीत केले. नोव्हेंबर 1933 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या चार्ल्स पीटरसन या वास्तुविशारदाने एक योजना मांडली. काम नसलेल्या 1,000 वास्तुविशारदांना आणि आरेखकांना दहा आठवड्यांसाठी नेमायचे आणि देशभरातल्या जुन्या इमारती मोजून काढायच्या. सगळ्या इमारती वाचणार नाहीत हे त्याने गृहीतच धरले होते, म्हणून त्यांची मोजमापे तरी वाचवायची होती. नुसत्या हवेल्या न घेता धान्यकोठारे, गिरण्या, पूल, साधी घरेही घ्यायची असे ठरले. ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ या नावाने सुरू झालेले ते काम आजही चालू आहे. पुढे जोडलेल्या उपक्रमांसह त्यात 40,000 हून अधिक वास्तूंची आणि स्थळांची नोंद झाली. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही विनामूल्य पाहता येते. त्यांतल्या पुष्कळ इमारती आता फक्त त्या कागदांवरच उरल्या आहेत.

महाराष्ट्रात वास्तुकलेची महाविद्यालये भरपूर आहेत, आणि विद्यार्थ्यांना मोजणीच्या दौऱ्यावर नेण्याची त्यांची पद्धतही आहे. पण दौरे बहुधा पुण्याच्या वाड्यांकडे, कोकणाकडे, नाहीतर राजस्थानकडे जातात. धावडा, वालसावंगी, पारध ही गावे जवळजवळ आहेत. शेजारी अजिंठा, असई आणि भोकरदन. एवढ्या टापूत सातवाहनांपासून निजामापर्यंतचा वस्तीचा इतिहास सापडतो.

मोजायला येणाऱ्याने टेप आणि वही आणावी, पण आधी घरातल्या आजीला विचारावे. कोणत्या झाडाचा पाला घातला होता, पांढरी कुठून आणली, सवणे कुठे होते, बाळंतिणीची खोली कोणती, दाणे कोणत्या बळदात, हे तिलाच ठाऊक असते. मग खण मोजावेत, खांबापासून खांबापर्यंत. भिंतीची जाडी दारात मोजावी. तुळयांवरच्या रिकाम्या खाचांची नोंद करावी. आणि जमेल तर यावे ते वैशाखाच्या शेवटी. घर उतरवायचे असो की माळवदाला नवा थर द्यायचा असो, इथे ते काम मृगाआधीच होते, आणि तेवढेच काही दिवस कड्या, काटक्या, पाला आणि माती हे सगळे थर एकदम उघडे दिसतात.